बेंजोचा आवाज आणि नादाची जात

१९८१ पर्यंत कुलाबा ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर हळदीची रात्र असो, नारळी पौर्णिमेची मिरवणूक असो वा गणपतीचे विसर्जन असो, ढोल-ताशांच्या घोषावर तरंगणारा एक धारदार, तारेचा नाद कानी पडतो. आगरी-कोळी वस्त्यांत त्या वाद्यास ‘बेंजो’ म्हणतात. वाजविणाऱ्यांच्या मते तो मिरवणुकीचा प्राण होय. कित्येकांच्या मते तो निव्वळ गोंगाट होय. हा वाद वरवर अभिरुचीचा भासतो. परंतु त्याच्या मुळाशी एका शब्दाची संदिग्धता आहे. तो शब्द म्हणजे ‘आवाज’.

प्रथम वाद्याच्या नावाचाच विचार करणे इष्ट ठरेल. मूळ बॅन्जो हे अमेरिकेतील आफ्रिकी गुलामांनी घडविलेले, कातड्याने मढविलेले वाद्य. किनाऱ्यावरील बेंजोला कातडे नाही. १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता ह्याने ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य तयार केले. त्यात लांबट पेटीवर तारा ताणलेल्या असून टंकलेखन-यंत्रासारख्या कळा दाबून त्यांवर स्वर काढतात व दुसऱ्या हाताने नखीने तारा छेडतात. हेच वाद्य भारतात ‘बुलबुल तरंग’ झाले. त्यालाच आपल्या किनाऱ्यावर ‘बेंजो’ आणि अरबी समुद्राच्या उत्तरेकडील बलुचिस्तानात ‘बेंजू’ हे नाव मिळाले. अर्थात् वाद्य पूर्वेकडून आले व नाव पश्चिमेकडून. नाव स्थलांतर करते तेव्हा वस्तूला बरोबर नेतेच असे नाही, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

आता ‘आवाज’ ह्या शब्दाकडे वळू. संगीताची पाठ्यपुस्तके नादाची तीन लक्षणे सांगतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. एकाच उंचीचे व एकाच जोराचे सनई आणि सतार ह्यांचे स्वर आपण वेगळे ओळखतो, ते जातीमुळे. मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उपस्वरांचे प्रमाण ही जात ठरविते. व्यवहारातील ‘आवाज’ हा फारसीतून आलेला शब्द मात्र लहानमोठेपणा आणि जात ही दोन्ही लक्षणे एकत्र गुंडाळतो. ‘आवाज कमी करा’ आणि ‘आवाज गोड आहे’ ह्या दोन वाक्यांत तो एक नव्हे.

उपस्वर मुद्दाम वाढविण्याची कला आपल्याकडे नवीन नाही. मिरजेचे तंबोरे घडविणारे कारागीर रुंद घोडीचा माथा अशा बेताने घासतात की, कंप पावणारी तार त्याला हलकेच स्पर्शत राहावी. शिवाय तार व घोडी ह्यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवितात. हीच जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ साली दाखवून दिले की, तार छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर शास्त्रनियमानुसार उमटू नयेत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात. जवारी खुली ठेवावी की बंद, हा निर्णय मोठेपणाचा नसून जातीचा असतो.

विद्युत् विवर्धकात, म्हणजे वाजविणाऱ्यांच्या बोलीतील ॲम्प्लिफायरमध्ये, हेच कार्य निराळ्या मार्गाने घडते. १९०६ साली ली डी फॉरेस्ट ह्याने तीन अग्रांची निर्वात नलिका निर्माण केली. १९३०च्या दशकाच्या आरंभी विद्युत् गिटार बाजारात आली. नलिकेस पेलवेल त्याहून प्रबळ संकेत दिला की लहरींची टोके छाटली जातात व नवे उपस्वर जन्मतात. प्रारंभी हा दोष मानला जाई. लंडनचे वाद्यविक्रेते जिम मार्शल ह्यांच्या दुकानातून १९६२ साली बाहेर पडलेल्या विवर्धकांनी ह्या दोषाला गुणाची प्रतिष्ठा मिळवून दिली; परंतु तो गुण मिळविण्यासाठी यंत्र पूर्ण मोठ्याने वाजवावे लागे. १९७५च्या सुमारास त्याच कंपनीने ‘मास्टर व्हॉल्यूम’ची खुंटी दिली. संकेत किती छाटावा हे एका खुंटीने व तो किती मोठ्याने ऐकवावा हे दुसरीने ठरू लागले. व्यवहाराच्या भाषेने एकत्र बांधलेली दोन लक्षणे यंत्राने अशी सोडविली.

जातीचीही घडण दोन ठिकाणी होते. छाटणीपूर्वी खर्ज कमी केल्यास नाद रेखीव राहतो, वाढविल्यास गढूळ होतो. छाटणीनंतरची खुंटी केवळ रंग बदलते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही रचना परिचित वाटेल. कंठात उत्पन्न झालेला एकच नाद मुखाच्या आकाराप्रमाणे ‘आ’ किंवा ‘ई’ होतो. त्याप्रमाणे विवर्धकाच्या मधल्या पट्टीची खुंटी नादाचा जणू स्वरवर्ण बदलते.

बेंजोची तीव्र जात ह्या दृष्टीने पाहिली पाहिजे. त्याच्या मुख्य तारा एका स्वरात किंवा सप्तकाच्या अंतराने जुळविल्या असता छाटणीतून निघणारे बेरीज-वजाबाकीचे स्वर त्याच उपस्वरमालेत पडतात. म्हणून चाल विस्कटत नाही. रस्त्यावर खर्जाचा प्रदेश ढोलाने व्यापलेला असतो. मानवी कान सुमारे २००० ते ५००० हर्ट्झ ह्या पट्टीत सर्वाधिक संवेदनशील असतो. उघड्या माळावर चाल दूरवर ओळखू यावी, ही गरज त्या धारेने भागते. ती धार अडाणीपणाची खूण नव्हे. ती परिस्थितीने घडविलेली निवड होय.

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे. ही मर्यादा मोठेपणाची आहे, जातीची नाही. म्हणून ‘आवाज कमी करा’ ह्या मागणीत वादकाने आपली ओळख टाकावी असा अर्थ वाचण्याचे कारण नाही. ध्वनिक्षेपकाचा स्वतःचा ताण मोठेपणाशी निगडित असल्याने काही रंग खाली आणताना उणावतो, हे खरे. पण जात टिकते.

तरीही एक मर्यादा उरते. ज्या पट्टीत बेंजोची धार असते, तिच्यातच बोलण्यातील अनेक व्यंजनांची ओळख वसते. आगरी-कोळी लग्नात धवलारीण कोणत्याही यंत्रावाचून धवले गाते. त्यांत विधीचा अर्थ शब्दांवर उभा असतो. बेंजो शेजारी वाजू लागला की सूर कानी येतो आणि शब्द हरवतात. एकाच मांडवातील ह्या दोन आवाजांपैकी एकाला खुंटी आहे, दुसऱ्याला नाही. ज्याला खुंटी आहे, त्याने थांबावयाचे असते.