आबालाल रहिमानांचा रंकाळा

राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाची, म्हणजे हायलँड्सची, जलरंगातली निसर्गचित्रं लोकांना फार आवडत. धुक्यातला डोंगर, गवताने शाकारलेलं दगडी घर, समोर चरणाऱ्या मेंढ्या. राजघराण्याने १८५२ मध्ये त्याच मुलखात बाल्मोरलची इस्टेट विकत घेतली. राणी स्वतःही जलरंगात चित्रं काढत असे. चित्रं देखणी आहेत, यात वाद नाही. पण त्याच काळात आणि त्याआधीच्या काही दशकांत तिथल्या जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी हजारो कुळांना जमिनीवरून हुसकावलं होतं. गावं ओस पडली, माणसं जहाजात बसून कॅनडाला गेली. ही मेंढरं चित्रात दिसतात, त्यांच्यापायी उठलेली माणसं दिसत नाहीत.

हे सांगायचं कारण असं, की पाण्यात रंग कालवून समोरचा मुलूख कागदावर उतरवण्याची ही पद्धत इंग्रजांबरोबर आपल्याकडेही आली. हिंदुस्थानात आलेले गोरे अंमलदार आणि चित्रकार आपले घाट, किल्ले, देवळं रंगवत आणि विलायतेला पाठवत. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि आपल्या मुलांच्या हातात हे रंग आले. त्या सुरुवातीच्या पिढ्यांत कोल्हापूरचा एक मुसलमान होता, आबालाल रहिमान.

त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा होती. सुलेखन करणाऱ्याला बोरू किती दाबायचा, शाई किती घ्यायची, ओळीभोवती जागा किती सोडायची याचा अंदाज हातात मुरवावा लागतो. जलरंगातही कागदाचा पांढरा भाग राखणं हीच मोठी परीक्षा असते, कारण एकदा झाकलेला उजेड परत आणता येत नाही. घरची ही शिस्त आबालालांना मुंबईतही उपयोगी पडली असणार, असं मला वाटतं. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉय पदक मिळालं. मुंबईत नाव झालं होतं, तरी ते कोल्हापूरला परतले. पुढे शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. हेच महाराज, ज्यांनी १९०६ मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात बोर्डिंग उभं केलं.

आबालाल कोटितीर्थाच्या काठी फकिरासारखे राहिले. रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ हेच त्यांचे विषय. रंकाळ्यातला संध्यामठ त्यांनी रंगवला. तलाव भरला की पाण्यात जाणारी आणि पाणी ओसरलं की पुन्हा दिसणारी ती दगडी वास्तू आहे. पाहुणा चित्रकार ती एकदा पाहतो आणि पुढच्या गावाला जातो. आबालालांनी तीच जागा वेगवेगळ्या वेळच्या उजेडात पुन्हा पुन्हा पाहिली. त्यांच्या चित्रांतला ओलावा या राहण्यातून आलेला आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. "मुसलमान असून तुमचं मराठी छान आहे," हे वाक्य मी नाशकात अनेकदा ऐकलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण या वाक्यात आपण पाहुणे ठरतो. दुसरीकडे आपल्यातलीच काही मंडळी चित्रकलेचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालतात. उलेमांमधला वाद मुख्यतः सजीवांच्या चित्राचा आहे. झाड, डोंगर, पाणी यांच्या चित्रावर त्यांचा सहसा आक्षेप नसतो. तरीही ड्रॉइंगची वही आपल्या घरांत सगळ्यात आधी बंद होते, विशेषतः मुलींची.

या दोन्ही बाजूंना आबालालांचं नाव ठाऊक असायला हवं. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले, तेव्हा त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ मध्ये ते स्वतः गेले. वाचलेली काही चित्रं कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. बाबूराव पेंटरांसारख्या पुढच्या कलावंतांनी त्यांना गुरुस्थानी मानलं. आज कोल्हापूरला कलापूर म्हणतात, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

आमच्या नाशकातही गोदाघाटावर विद्यार्थी जलरंगाचे कागद घेऊन बसतात. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकाराने ही परंपरा मोठी केली. त्या रांगेत उर्दू शाळेतली मुलंही बसलेली मला पाहायची आहेत. कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचं देऊळ आणि रंकाळा पाहून परत फिरू नका. मुलांना घेऊन टाउन हॉलमध्ये जा आणि चित्राखालचं नाव त्यांना मोठ्याने वाचायला सांगा.