भानपुऱ्याची अखेरची तीन वर्षे

यशवंतराव होळकर हे नाव उच्चारताच 1802 साली हडपसरच्या माळावर शिंदे-पेशव्यांच्या फौजांची दाणादाण उडविणारा योद्धा डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याच पुरुषाची भानपुरा येथील अखेरची तीन वर्षे शालेय इतिहास दोन ओळींत आटोपतो. मला मात्र तीच अधिक विचारणीय वाटतात.

तोफा ओतण्याच्या भट्टीपाशी यशवंतराव स्वतः अहोरात्र खपत. मद्यपानही अतोनात वाढले होते. प्रथम स्मरण ढळू लागले, मग क्रोध अनावर झाला. ही चिन्हे निकटवर्तीयांस दिसत होती. पण धन्यास विचारणार कोण? 1808 मध्ये उन्माद विकोपास गेला, तेव्हा कारभाऱ्यांनी मसलत करून त्यांस दोरांनी जखडविले. सर जॉन माल्कम याने हे सारे मध्य हिंदुस्थानच्या आपल्या वृत्तांतात नोंदविले आहे. पुढे उन्माद ओसरला, पण वाचाही गेली, आणि 1811 च्या ऑक्टोबरात त्यांचा अंत झाला.

दोर बांधणारे निर्दय होते असे मी म्हणणार नाही. ते भ्याले होते. धन्याचे भान सुटल्यास त्याच्या वतीने कोणी बोलावे, हे आधी ठरल्याचे दिसत नाही. वारस मल्हारराव अल्पवयी. तेव्हा तुळसाबाई, बाळाराम शेट, अमीरखान अशा अनेकांची ओढाताण सुरू झाली, आणि रोग्याची शुश्रूषा व दौलतीचा कारभार यांचा एकच गुंता होऊन बसला. 1817 च्या डिसेंबरात, महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी, तुळसाबाईंचा वध त्यांच्याच लष्करातील लोकांनी केला.

आपल्या घरी दौलत नसते, परंतु प्रसंग तोच येतो. आमच्या युसूफ वडगावी रात्री असे काही उद्भवले, तर केजला न्यावे की अंबाजोगाईस, गाडी कोणाची, सोबत कोण, यावर ओसरीवर वाद चालतो. आणि तोवर कोणीतरी दोर घेऊन येतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. त्याच कायद्यानुसार कोणाही सज्ञान माणसास, भान शाबूत असताना, साध्या कागदावर सही अथवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमता येतो. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, हा प्रतिनिधी हजर असल्यास त्याच्या संमतीने, 72 तासांपर्यंत प्राथमिक उपचार करू शकतो.

तेव्हा माणूस बरा असतानाच त्यास विचारावे: घाबरल्यावेळी कोणाचा आवाज जवळ हवा? कोणते औषध सोसत नाही? फवारणीचे विष कुलपात असावे, किल्ली एकाच हाती. 2022 पासून चालू असलेला 14416 हा सरकारी दूरध्वनी अहोरात्र विनामूल्य सल्ला देतो. तो क्रमांक त्याच कागदावर लिहून, कागद शिधापत्रिकेशेजारी ठेवावा.