टॉलपडल : सहा शेतमजुरांचे गाव

इंग्लंडचा इतिहास म्हटला की राजे-राण्यांच्या कारकिर्दी, ट्रफाल्गर आणि वॉटर्लू एवढेच आपण पाठ करतो. परंतु त्या देशाच्या दक्षिणेला डॉरसेट परगण्यात टॉलपडल नावाचे एक चिमुकले खेडे आहे. भिंग घेतल्याशिवाय ते नकाशात सापडत नाही. तेथे ना किल्ला, ना राजवाडा. तरीही जगभरचे कामगार या गावाचे नाव आदराने घेतात. ते का, हे पालकांनी आणि मुलांनी मिळून वाचावे अशी इच्छा आहे.

गावाजवळून पिडल नावाची लहानशी नदी वाहते. अकराव्या शतकात हे गाव टोला नावाच्या एका विधवेच्या मालकीचे होते आणि तिने ते ॲबट्सबरीच्या मठाला दिले. टोलाचे पडल म्हणून टॉलपडल. पुढची सात-आठशे वर्षे गावाने फारसे काही केले नाही. पेरले, कापले, मेंढरे चारली, सेंट जॉनच्या चर्चमध्ये लग्ने लावली. बहुतेक खेड्यांचा इतिहास असाच असतो.

गावातला जॉर्ज लवलेस हा शेतमजूर. नांगर धरणारा, पण लिहिता-वाचता येणारा. रविवारी मेथडिस्ट पंथाच्या प्रार्थनागृहात तो प्रवचन करी आणि तुटपुंज्या मजुरीतून त्याने धर्मग्रंथांचा छोटासा संग्रह जमवला होता. मजुरांच्या वतीने मालकांशी बोलायला सर्वांनी त्यालाच पुढे केले, ते या अक्षरओळखीमुळे.

बोलायचा विषय पोटाचा होता. मजुरी आठवड्याला ९ शिलिंग होती. ती ८ झाली, मग ७, आणि पुढे ६ करण्याची भाषा सुरू झाली. आसपास १० शिलिंग मिळत असताना येथे हा प्रकार! गावच्या पाद्र्यासमक्ष रास्त मजुरीचे वचन मिळाले होते. पुढे पाद्रीसाहेबांनी कानांवर हात ठेवले. तेव्हा १८३३ साली या मजुरांनी आपली संघटना उभारली. येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा : संघटना करणे हा त्या वेळी गुन्हा नव्हता. ती बंदी १८२४ मध्येच उठली होती.

थॉमस स्टँडफील्डच्या घराच्या माडीवर बैठक भरे. नव्या सभासदाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, मग ती सोडून त्याला सांगाड्याचे चित्र दाखवायचे आणि संघटनेचे गुपित न फोडण्याची शपथ घ्यायची, असा विधी होता. आज आपल्याला हसू येईल. पण भित्र्या, गांजलेल्या माणसांना एकत्र बांधायला त्यांच्याजवळ दुसरे होते तरी काय?

स्थानिक जमीनदार आणि मॅजिस्ट्रेट जेम्स फ्रॅम्प्टन याच्या कानावर हे गेले. त्याने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांना लिहिले. संघटना कायदेशीर, मग शिक्षा करायची कशी? वाट सापडली ती १७९७ च्या एका कायद्यात. आरमारातील खलाशांनी बंड केले तेव्हा गुप्त शपथांविरुद्ध हा कायदा झाला होता. योगायोग असा की लवलेसचा जन्मही त्याच वर्षीचा. खलाशांसाठी घडवलेला बडगा नांगऱ्यांच्या पाठीत बसला.

१८३४ च्या फेब्रुवारीत गावात नोटिसा लागल्या : अशा संघटनेत जाणाऱ्यास सात वर्षे हद्दपारी. दोन-तीन दिवसांतच, २४ तारखेला पहाटे, शिपाई दारात आला. जॉर्ज लवलेस, त्याचा भाऊ जेम्स, मेहुणा थॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन अशा सहाजणांना सुमारे सात मैल चालवत डॉर्चेस्टरला नेले. तुरुंगात झडती घेतली तेव्हा लवलेसच्या खिशात ती नोटीसच निघाली. शपथ डिसेंबरातली, इशारा फेब्रुवारीतला! वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरचा मुलगाही ताठ बसतो.

मार्चमध्ये खटला झाला. बायकामुलांची उपासमार टाळण्यासाठी आम्ही एकत्र आलो, कोणाचेही नुकसान केले नाही, असे लवलेसने न्यायाधीशांना लेखी कळवले. निकाल मात्र सात वर्षे, आपल्या भाषेत काळे पाणी. लवलेसची रवानगी टास्मानियात, इतरांची न्यू साउथ वेल्समध्ये. मागे राहिलेल्या बायकांनी मदत मागितली तेव्हा फ्रॅम्प्टनने तीही नाकारली.

पण देश पेटला. २१ एप्रिल १८३४ रोजी लंडनच्या कोपनहेगन फील्ड्स मैदानावर हजारो कामगार जमले आणि लाखो सह्यांचा अर्ज घेऊन निघाले. वर्गणी काढून सहाही कुटुंबे पोसली गेली. अखेर मार्च १८३६ मध्ये संपूर्ण माफी जाहीर झाली. माणसे मात्र सावकाश परतली : लवलेस १८३७ मध्ये, चौघे १८३८ मध्ये, हॅमेट १८३९ मध्ये. परतल्यावर एसेक्समध्ये काही वर्षे शेती करून पाचजण सहकुटुंब कॅनडाला गेले. तेथे आपल्या शिक्षेविषयी त्यांनी मुलांनाही सांगितले नाही, असे म्हणतात.

आज गावात गेलेल्या माणसाला काय दिसते? चौकात तीनशे वर्षांहून जुने सायकमोरचे झाड आहे. त्याखाली हे मजूर जमत, अशी परंपरा आहे. शेजारी १९३४ साली बांधलेला गवती छपराचा निवारा. त्याच शताब्दी वर्षी ब्रिटिश कामगार संघटनांनी सहा हुतात्म्यांच्या नावांची सहा घरे वृद्ध शेतमजुरांसाठी बांधली. संग्रहालय तेथेच आहे. डॉर्चेस्टरचा न्यायकक्षही जपलेला असून २०१८ पासून ती इमारत संग्रहालय म्हणून खुली आहे. स्टँडफील्डचे घर अजून उभे आहे.

मला मात्र सर्वांत बोलकी वाटते ती चर्चच्या आवारातील जेम्स हॅमेटची कबर. शपथेच्या बैठकीत हॅमेट नव्हताच, त्याचा भाऊ होता, असे सांगतात. भावाची बायको गरोदर होती म्हणून हा गप्प राहिला आणि भावाची शिक्षा भोगून आला. सहांपैकी गावी राहिला तो एवढाच. बांधकामावर मजुरी केली. १८७५ मध्ये शेतमजूर संघटनेने सत्कार करून त्याला घड्याळ दिले. म्हातारपणी दृष्टी गेली, तेव्हा घरच्यांवर भार नको म्हणून तो डॉर्चेस्टरच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आसऱ्यात, जाऊन राहिला. तेथेच १८९१ साली वारला. दफनाच्या वेळी संघटनेविषयी कोणी भाषण करू नये म्हणून गावचा जमीनदार जातीने हजर होता, अशी आठवण सांगितली जाते.

कबरीवर दगड बसायला १९३४ उजाडले. तो प्रसिद्ध शिल्पकार एरिक गिल यांनी कोरला. आता दर जुलैमध्ये कामगारांचा मेळावा भरतो, बँड वाजतो, निशाणे फडकतात, आणि त्या दगडापाशी फुले वाहिली जातात. भाषणेही होतात.