उजनीचा काठ आणि विजेच्या तारा

भीमा नदीवरील उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागर भरला आणि माढा, करमाळा, इंदापूर तालुक्यांतील काठावर विजेचे पंप बसले. 1960 मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाच्या तारा उसाच्या फडांवरून गेल्या. 2005 मध्ये मंडळाचे विभाजन झाले व वीजवितरण महावितरणकडे आले.

या काठाची एक अडचण आहे. जलाशयाची पूर्ण पातळी 496.83 मीटर, तर मृतसाठ्याची 491.03 मीटर. उभा फरक 5.8 मीटरच, पण उतार सौम्य असेल तेथे पाणी उन्हाळ्यात फार लांब सरकते. शेतकरी पंप, पाइप आणि केबल घेऊन त्यामागे जातो. मग ओल्या गाळात केबलचे तात्पुरते जोड येतात.

तारांसाठी नियम जुनेच आहेत. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनी रस्ता ओलांडणाऱ्या तारेची किमान उंची ठरवली: कमी दाबाला 5.8 मीटर, उच्च दाबाला 6.1 मीटर. रस्त्यावरची तार तुटलीच, तर ती निर्धोक व्हावी अशी योजनाही सक्तीची केली. पुढे 2010 व 2023 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नवे विनियम केले.

तरीही पडलेली तार जिवंत का राहते? फ्यूज वितळतो तो जास्त प्रवाहाने. कोरड्या मातीचा किंवा खडकाचा रोध मोठा, म्हणून प्रवाह थोडा; फ्यूज शाबूत राहतो. ठिणगी नाही, आवाज नाही, म्हणून तार मृत असे आपण कधीच मानू नये.

तार जमिनीला टेकते तेथे विद्युतदाब सर्वांत जास्त असतो आणि दूर जाताना तो कमी होतो. म्हणून दोन पावलांखाली दोन वेगळे दाब असतात. पाऊल जितके लांब, तितका फरक मोठा. गाय-बैलांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त, शिवाय प्रवाह छातीतून जातो. जनावरे अधिक दगावतात ती यामुळे.

वर्गात फळ्यावर तारेभोवती समकेंद्री वर्तुळे काढून हे सहज दाखवता येईल. त्यातूनच नियम निघतात: तारेपासून दूर राहायचे; जवळ असल्यास पावले जुळवून, न उचलता घासत मागे सरायचे; काठीने तार हलवायची नाही; अडकलेल्या माणसाला किंवा जनावराला वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत हात लावायचा नाही. इतरांना अडवून 1912 वर कळवायचे. आणि पंपाची केबल हलवण्याआधी मुख्य स्विच बंद, हे मुलांनी घरीही सांगावे.