भांडार हलले, पण नावावरचा हक्क?

१/ ३ फेब्रुवारी २०२१ रोजी जेफ्रॉग या कंपनीने बिनट्रे आणि जेसेंटर या आपल्या दोन सेवा बंद होणार असल्याचे जाहीर केले. अँड्रॉइड ॲप लिहिणाऱ्यांसाठी ही घोषणा म्हणजे गावाची नेहमीची विहीर बुजवण्याची दवंडीच होती. पुढच्या काही महिन्यांत हजारो लायब्रऱ्या दुसरीकडे हलवाव्या लागणार होत्या. फायली हलवणे सोपे होते. अवघड होता तो दुसराच प्रश्न: या नावाने प्रकाशन करण्याचा अधिकार कोणाचा?

२/ थोडी पार्श्वभूमी. कोणताही प्रोग्रामर सगळा कोड स्वतः लिहीत नाही. ग्रेडल किंवा मेव्हनसारखे साधन रिपॉझिटरीतून, म्हणजे भांडारातून, तयार लायब्रऱ्या नावानिशी आणून देते. त्या नावाचे तीन भाग असतात: गट, लायब्ररी आणि आवृत्ती. गटाचे नाव म्हणजे बहुधा उलटे लिहिलेले संकेतस्थळाचे नाव. नाव हीच ओळख आणि नाव हाच विश्वास.

३/ जेसेंटर लोकप्रिय झाले ते सोयीमुळे. एके काळी अँड्रॉइड स्टुडिओच्या प्रत्येक नव्या प्रकल्पात तेच भांडार आपोआप जोडलेले असे. जुन्या मेव्हन सेंट्रल भांडारातील लायब्रऱ्याही तिथूनच मिळत. लेखकांना प्रकाशन सुलभ वाटे, कारण नावावरील हक्काची कसोटी तिथे सेंट्रलइतकी कडक नव्हती.

४/ सोनाटाइप ही कंपनी चालवत असलेल्या मेव्हन सेंट्रलच्या दोन अटी मात्र ठाम होत्या. पहिली: गटाचे नाव ज्या संकेतस्थळावरून घेतले, ते आपलेच असल्याचे सिद्ध करा, त्यासाठी त्याच्या डीएनएस नोंदीत ठरावीक मजकूर टाका. दुसरी: प्रत्येक फाईलवर आपल्या खासगी किल्लीने डिजिटल स्वाक्षरी करा. शिवकालीन पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटे, ते पुढे कोणी मजकूर वाढवू नये म्हणून. ही स्वाक्षरीही तेच काम करते. फाईलमधील एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही.

५/ आता स्थलांतराची खरी अडचण ध्यानात येईल. ज्यांचे स्वतःचे संकेतस्थळ होते, ते निभावले. अनेकांनी मात्र ‘कॉम.गिटहब’ने सुरू होणारी नावे घेतली होती. गिटहब डॉट कॉम तर त्या कंपनीचे, वापरकर्त्याचे नव्हे! त्यामुळे एप्रिल २०२१ पासून सेंट्रलने नव्या अर्जदारांना ते नाव नाकारले आणि ‘आयओ.गिटहब’ सुचवले, कारण गिटहब डॉट आयओखालील पान हे त्या-त्या वापरकर्त्याचे असते. नियम न्याय्य होता. पण लायब्ररीचे नाव बदलले की तिच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक प्रकल्पातील नोंद बदलावी लागते.

६/ सर्वांत बिकट अवस्था होती ती बेवारस लायब्रऱ्यांची. लेखकाने काम सोडलेले, संकेतस्थळाची मुदत संपलेली. अशा लायब्ररीची प्रत कोणीही उतरवून घेऊ शकत होता. पण त्याच नावाने नवी आवृत्ती काढण्याचा वारसाहक्क कोणाकडेच नव्हता. जेफ्रॉगने आधी जेसेंटर फेब्रुवारी २०२२ पर्यंतच वाचनासाठी खुले ठेवण्याचे ठरवले होते. नंतर ही मुदत काढून ते बेमुदत, केवळ वाचनापुरते ठेवण्याचा निर्णय घेतला. जुने प्रकल्प तगले. पण त्यांतील एखादा दोष दुरुस्त करून तिथे प्रसिद्ध करण्याचा मार्ग मिटला.

७/ मग हक्काची इतकी कडक छाननी हवीच कशाला? उत्तर त्याच महिन्यात मिळाले. ९ फेब्रुवारी २०२१ रोजी ॲलेक्स बिर्सान या सुरक्षा संशोधकाने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांची नावे त्याने शोधली आणि त्याच नावांची पॅकेजे सार्वजनिक भांडारांत ठेवली. कंपन्यांच्या यंत्रणांनी घरचे सोडून बाहेरचे पॅकेज उचलले. ॲपल आणि मायक्रोसॉफ्टसह ३५ हून अधिक कंपन्यांच्या यंत्रणांत त्याचा कोड चालला. हेतू चांगला होता म्हणून निभावले.

८/ धडा दुहेरी होता. प्रकाशकाने नावावरचा हक्क सिद्ध करावा, हे झालेच. पण घेणाऱ्यानेही कोणते नाव कोणत्या भांडारातून घ्यायचे हे लिहून ठेवावे. ग्रेडलमध्ये तशी सोय आहे. एकाच प्रकल्पात दोन भांडारे जोडून ‘जिथे सापडेल तिथून घे’ असे सांगणे म्हणजे दोन दरवाजांच्या वाड्याला एकच पहारेकरी नेमणे.

९/ इतिहास इथे थांबला नाही. ३० जून २०२५ रोजी सेंट्रलनेही प्रकाशनाची आपली जुनी व्यवस्था बंद करून सर्वांना नव्या पोर्टलवर नेले. या वेळी नावांवरचे सिद्ध झालेले हक्क सोबत आले. जुने प्रवेश-टोकन मात्र निरुपयोगी ठरले आणि प्रत्येकाला नवे काढावे लागले. ही कटकट वाटते, पण तिच्यात शहाणपण आहे. वर्षानुवर्षे कोणा जुन्या सहकाऱ्याच्या संगणकावर पडून राहिलेली किल्ली अशाच वेळी बाद होते.

१०/ म्हणून भांडार बदलताना फायलींच्या आधी माणसांची यादी करावी: प्रकाशनाचा अधिकार कोणाला आहे, कोणाला असायला हवा आणि कोणाचा काढायचा राहून गेला आहे. २०२१ मध्ये ज्यांना या तिन्हींची उत्तरे ठाऊक होती, त्यांचे स्थलांतर वेळेत पार पडले. ज्यांना ती ठाऊक नव्हती, त्यांच्या लायब्रऱ्या जुन्या भांडारातच गोठून राहिल्या.