भोंग्यापासून बोलिंग अ‍ॅलीपर्यंत

"जागतिकीकरणाने आमचे गिरणगाव गिळले" हे वाक्य हल्ली सभेत, लेखात, अगदी गणेशोत्सव मंडळाच्या अहवालातही सापडते. मी इतिहासाचा मास्तर. मला ते निम्मेच खरे वाटते, कारण गिरणगाव जन्मले तेच मुळी जगाच्या बाजारामुळे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या सूतगिरणीची स्थापना केली. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरला तिथला कापूस मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच सट्टा कोसळला आणि भलेभले बुडाले, पण शहराने पैशाची चव घेतली होती. पुढे इथले सूत चीनला जाऊ लागले, आणि नंतर जपानने ती गिऱ्हाइकी तोडली. रत्नागिरी-साताऱ्याचा शेतकरी साच्यावर उभा राहिला, तो या उलाढालीत. त्याला शांघायचे नावही ठाऊक नसेल, पण त्याचा पगार तिथल्या बाजाराशी बांधलेला होता.

फरक पुढे पडला. या माणसांनी त्या परक्या व्यवस्थेत आपले घर केले. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, गावकीच्या खोलीत वळकटी ठेवायची, खानावळीत जेवायचे. शिमग्याला कोकणचे नमन, एरवी भजनी मंडळ, दामोदर हॉलला नाटक. नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा याच कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. (वर्गात हे सांगताना मागच्या बाकावरची मुलेसुद्धा सरळ बसत. त्यांच्या पणजोबांची गोष्ट होती ना!) आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचा आवाज याच मैदानांवर घुमला.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. मी तेव्हा परळ भागातल्या एका शाळेत शिकवत होतो. जून उजाडला आणि हजेरीपटावर एकेका नावापुढे "गावी गेला" असा शेरा पडू लागला. काही मुले दिवाळीनंतर परत आली, बरीचशी आलीच नाहीत. एक हुशार मुलगी दुपारी पापड लाटून संध्याकाळी शाळेत विचारायला यायची, "सर, आज काय शिकवलंत?" संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला, आणि त्याबरोबर हजारो नोकऱ्याही.

पण गिरण्या केवळ संपाने मेल्या, हेही मला पटत नाही. यंत्रे जुनी झाली होती, भिवंडीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते, आणि मुख्य म्हणजे जमीन कापडापेक्षा महाग झाली होती. १९९१ नंतर परदेशी भांडवल आणि कंपन्या येऊ लागल्या, त्यांना कचेऱ्या हव्या होत्या. मुंबईच्या मधोमध सुमारे सहाशे एकर गिरण्यांची जमीन! १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम असा फिरवला की वाटणी फक्त गिरणीतल्या मोकळ्या जमिनीची करायची. बांधकामाखालची जमीन त्यातून वगळली. गिरणी म्हणजे बहुतांश बांधकामच! एका शब्दाने केवढा फरक पडतो, हे व्याकरण शिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. उच्च न्यायालयाने २००५ साली नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

फिनिक्स मिलमध्ये साच्यांच्या जागी बोलिंग अ‍ॅली आली, मग मॉल. चिमणी तेवढी शोभेला ठेवली. लोअर परळला काही दलाल "अप्पर वरळी" म्हणू लागले, का तर परळ म्हटले की गिऱ्हाईक नाक मुरडते. आमचा नातू त्या मॉलमध्ये आनंदाने जातो, आणि मी त्याला रागावत नाही. तिथल्या दुकानांत उभी राहणारी मुले-मुलीही कुणाची तरी नातवंडेच आहेत.

प्रतिकार झाला नाही असे मात्र कुणी म्हणू नये. १९८९ साली मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली. त्यांची मागणी साधी होती: जमीन विकताय तर आमची देणी द्या, आणि त्याच जमिनीवर आम्हाला घर द्या. उपोषणे, मोर्चे, निवेदने यांतून ही घरांची तरतूद पदरात पडली. २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज सुमारे दीड लाख होते. इस्वलकर २०२१ साली गेले.

त्यानंतर सरकारने बाकीच्यांसाठी शेलू आणि वांगणीची घरे पुढे केली. नकाशात पाहा, बदलापूरच्याही पलीकडे. जुलै २०२५ मध्ये सत्तरी-ऐंशीतले कामगार आणि त्यांच्या विधवा आझाद मैदानात जमल्या, तेव्हा त्यांची मागणी एवढीच होती की घर मुंबईतच हवे.