यंत्र बिघडलं तर?

चांदूर बाजारचा माझा भाचा सायकलने तुर्कस्तान फिरायला निघालाय. विचारत होता, "मामू, जीपीएस यंत्र घेऊ की फोन पुरेल?"

म्हटलं, फोनवर नकाशे आधीच उतरवून ठेव, पॉवर बँक घे, पण कागदी नकाशाही ठेव. यंत्र कधीतरी बिघडतंच.

भारताच्या मोजणीतही बिघडत असे. 78 रेखांशाजवळून, आपल्या वऱ्हाडाच्या भागातूनच ती मोजणी उत्तरेकडे गेली. तिचे प्रमुख विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची यंत्रं दुरुस्त केली अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी. शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं. मीर मोहसीन यांचं नाव आपल्या घरांतही क्वचितच निघतं. ते आपणच मुलांना सांगायला हवं.